ग्रंथांची जागा आणि वारसांची अडचण

ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे धानाचा हंगाम घराची एक खोली पोत्यांसाठी हक्काने मागून घेतो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल धरू लागताच वाळवी पुस्तकांच्या बांधणीतली खळ शोधत निघते, तेथे आयुष्यभर ग्रंथसंचय करणाऱ्या गृहस्थाने जागेची तक्रार केली, तर ती त्याच्या विक्षिप्तपणावर ढकलून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते बव्हंशी ग्रंथांच्याच सोयीसाठी. आणि १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, ज्यांचा ग्रंथसंभार घेऊन येणारे जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडवले, त्यांना ग्रंथांच्या सुरक्षिततेचे मोल कोणी सांगावे? पण अशी इमारत किती जणांच्या ऐपतीत बसते? शिक्षक-कारकुनांच्या घरी पुस्तके कपाटातून माळ्यावर आणि माळ्यावरून पलंगाखाली सरकतात. गृहिणीचा संयम हा या व्यवहारातला कोठेच न नोंदलेला खर्च.

सबब, संग्राहकाने हयातीतच निवड करून, यादीनिशी संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाच्या हवाली करावा; वारसांवर सोडल्यास तो बहुधा रद्दीच्या तराजूतच चढतो. मात्र देणगीच्या गठ्ठ्याची सुतळीही न सोडता तो कोपऱ्यात रचणाऱ्या ग्रंथालयाने आधी नकार देण्याचे धैर्य दाखवावे, आणि नगरपरिषदेने नव्या व्यापारी गाळ्यांना मंजुरी देताना एक कोरडी, हवेशीर खोली अशा संग्रहांकरिता राखून ठेवण्याची तजवीज करावी.