राज्याची सीमा आणि विद्यापीठाची फी

अमेरिकेत शालेय शिक्षण संपवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी मार्च आणि एप्रिल हे दोन महिने विद्यापीठांच्या उत्तरांची वाट पाहण्यात जातात. कोठे प्रवेश घ्यायचा हे साधारणपणे १ मेपर्यंत कळवावे लागते. या सुमारास अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांपुढे एक विचित्र पेच उभा राहतो. ज्या राज्यात आईवडिलांनी वर्षानुवर्षे कर भरला, तेथील प्रमुख सरकारी विद्यापीठाने मुलाला प्रवेश नाकारलेला असतो. आणि ज्या राज्याशी कुटुंबाचा काडीचाही संबंध नाही, तेथील सरकारी विद्यापीठ मात्र परराज्यातील विद्यार्थ्यांची वाढीव फी माफ करून त्याच मुलाला सन्मानाने बोलावत असते. हा पेच एखाद्या प्रवेश-अधिकाऱ्याच्या लहरीमुळे निर्माण झालेला नाही. सरकारी विद्यापीठाचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नाचे उत्तर तेथे गेल्या काही दशकांत बदलत गेले आणि त्याचा हिशेब आता घरोघरी मांडला जात आहे.

उच्च शिक्षण ही तेथे मुख्यतः घटकराज्यांची जबाबदारी. १८६२ साली लिंकनने स्वाक्षरी केलेल्या मॉरिल कायद्याने संघराज्याच्या मालकीची जमीन राज्यांना दिली आणि तिच्या विक्रीच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. पुढे त्यांचा भार राज्यांच्या विधिमंडळांनी वाहिला. तेव्हा राज्यातील करदात्यांच्या मुलांना कमी फी आणि बाहेरून येणाऱ्यांना अधिक, हा दुहेरी दर न्याय्यच वाटत असे. न्यायालयांनीही त्याला मान्यता दिली. निवासी ठरण्यासाठी एक वर्षाच्या वास्तव्याची मिनेसोटाची अट १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली. कनेक्टिकटने मात्र त्यापुढे पाऊल टाकले होते. अर्ज करताना जो राज्याबाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा तेथील नियम होता. तो १९७३ साली याच न्यायालयाने रद्द केला. आपण आता येथलेच झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे, असे ठरले. तरीही ही सिद्धता सोपी नाही. कॅलिफोर्नियात ३६६ दिवसांचे वास्तव्य लागते आणि आईवडील परराज्यात असतील तर तरुण विद्यार्थ्याला आपण स्वतःच्या मिळकतीवर जगतो याचा पुरावाही द्यावा लागतो. भाड्याची खोली आणि नवा वाहनपरवाना एवढ्यावर भागत नाही.

या व्यवस्थेमागे एक गृहीत होते: राज्य पैसा देते म्हणून राज्यातील मुलांचा हक्क पहिला. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांची अनुदाने कापली आणि हे गृहीतच डळमळले. अनुदान कमी झाल्यावर तूट भरून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परराज्यातील आणि परदेशातील विद्यार्थी. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील पदवीपूर्व वर्गांत आज जवळजवळ निम्मे विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत. त्यांची वर्षाची फी साठ हजार डॉलरांच्या वर जाते. निवासी विद्यार्थ्याला त्याच्या एक तृतीयांशही द्यावी लागत नाही. कॅलिफोर्नियात याच प्रश्नावरून राजकीय वादळ उठले. विद्यापीठाने बाहेरच्यांना प्रवेश देताना घरच्या मुलांचे नुकसान केले, असा ठपका राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१६ साली ठेवला. पुढील वर्षी विद्यापीठाने बहुतेक शाखांमध्ये अनिवासी विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. बर्कली आणि लॉस एंजेलिससारख्या ज्या शाखांनी ती आधीच ओलांडली होती, त्यांना होते ते प्रमाण राखू दिले. अतिरिक्त फी मात्र वाढतच राहिली. २०२५ च्या शरदात दाखल झालेल्या अनिवासी विद्यार्थ्याला नेहमीच्या फीशिवाय वर्षाला ३७,६०२ डॉलर जास्तीचे भरावे लागले. नॉर्थ कॅरोलिनाने अशीच १८ टक्क्यांची मर्यादा १९८६ सालीच घातली होती. तेथे हा धोका लवकर कळला, असे म्हणावे लागते.

हे झाले मोठ्या नावांच्या विद्यापीठांचे. ज्यांच्या दारी अशी रांग लागत नाही, त्यांचा व्यवहार नेमका उलटा आहे. ती फी माफ करतात. अलाबामा विद्यापीठाने उत्तम गुणांच्या परराज्यीय विद्यार्थ्यांना भरघोस सवलती जाहीर केल्या आणि आज तेथे राज्याबाहेरचे विद्यार्थी बहुसंख्य आहेत. पश्चिमेकडील राज्यांनी आपसांत करार करून १९८० च्या दशकाअखेरीस एक योजना काढली. तीनुसार शेजारच्या राज्यातील विद्यार्थ्याकडून निवासी फीच्या दीडपटीहून अधिक घेतले जात नाही. समजा, निवासी फी दहा हजार डॉलर असेल, तर त्याला पंधरा हजारांत शिकता येते. पण या योजनेत बर्कली नाही, सिअ‍ॅटलचे वॉशिंग्टन विद्यापीठही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच २००५ साली उघडलेली मर्सेडची शाखा मात्र तीत सामील झाली. विद्यापीठ एक, नियामक मंडळ एक. पण जेथे गर्दी तेथे जादा आकार आणि जेथे गर्दी नाही तेथे सवलत. दक्षिणेकडील राज्यांचा १९७४ पासूनचा करार याहून शहाणपणाचा म्हणावा लागेल. आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम शेजारच्या राज्यात निवासी फीत शिकता यावा, एवढाच त्याचा हेतू आहे. अर्थात अभ्यासक्रम बदलला की सवलत गेली. टेक्सासमधील तरतूद तर पालकांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती पदरात पडली, तर परराज्यातील विद्यार्थीही निवासी दराला पात्र ठरतो. हजार डॉलरच्या पाठीमागून कितीतरी पट अधिक रकमेची सूट चालत येते. ती किती विद्यार्थ्यांना द्यायची याला मर्यादा आहे, हे ओघाने आलेच.

आपल्याकडील शिक्षकांना ‘नादारी’ हा शब्द परिचित आहे. घरची गरिबी पाहून फी माफ करायची, हा तिचा अर्थ. अमेरिकेतील या सवलतीला नादारी समजणे चूक ठरेल. येथे उत्पन्नाचा दाखला क्वचितच विचारला जातो. पाहिले जातात ते गुण. उत्तम गुण बहुधा कोणत्या घरांत मिळतात, हे सांगण्याची गरज नाही. विद्यापीठाला हुशार विद्यार्थी हवा असतो, कारण त्याच्यामुळे संस्थेचा लौकिक वाढतो. शिवाय रिकामी राहणारी जागा भरते आणि सवलत देऊनही काही रक्कम हाती येतेच. परिणाम असा की कॅलिफोर्नियाचा सधन, हुशार मुलगा ॲरिझोनात कमी फीत शिकतो आणि ॲरिझोनातील बेताच्या गुणांच्या कामगाराच्या मुलाला कोणतेही राज्य बोलावत नाही. त्यातही सवलत टिकवायची तर दरवर्षी ठराविक सरासरी राखावी लागते. पहिल्या वर्षी रसायनशास्त्राने दगा दिला, तर दुसऱ्या वर्षी पूर्ण परराज्यीय दराचे बिल घरी येते. हा धोका आकर्षक माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेला नसतो.

ही चढाओढ येत्या काही वर्षांत वाढेल, असे मानायला जागा आहे. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून अधिक मुले जन्मली; मंदीनंतर जन्मसंख्या घटत गेली. ती मुले आता विद्यापीठांच्या वयात आली आहेत आणि त्यांच्या मागून येणाऱ्या पिढ्या लहान आहेत. दुबळ्या संस्थांना विद्यार्थी मिळवण्यासाठी सवलती वाढवाव्या लागतील. नामांकित संस्थांच्या दारातील गर्दी मात्र त्यामुळे ओसरेल असे नाही. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने तर २०२६ च्या प्रवेशांसाठी आपोआप प्रवेशाची मर्यादा शाळेतील पहिल्या सहा टक्के विद्यार्थ्यांवरून पाच टक्क्यांवर आणली.

भारतात ही सीमा बहुतांशी जागांना असते, फीला नसते. अधिवासाचा दाखला आणि राज्यातून दहावी-बारावी उत्तीर्ण होण्याची अट यांपायी महाराष्ट्रातील पालकांची किती धावपळ होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण फीची सीमा येथेही अपरिचित नव्हती. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून तेराशे ते पंधराशे रुपये जादा घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली, डी. पी. जोशी खटल्यात, ते बहुमताने वैध ठरवले. राज्यातील मुले डॉक्टर होऊन राज्यातच सेवा करतील, हा विचार त्यामागे होता. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यापासून न्यायालयाचा कल पालटला आणि जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवण्यात आले. निवासी कोण, हा वाद दोन्ही देशांत मिटलेला नाही.

अमेरिकेत त्याला आता नागरिकत्वाच्या राजकारणाची धार आली आहे. टेक्सासने २००१ साली राज्यातच वाढलेल्या व शिकलेल्या, पण कागदपत्रे नसलेल्या मुलांना निवासी फी लागू केली होती. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्या कायद्याविरुद्ध दावा लावला. राज्याने बचाव करण्याऐवजी त्याच दिवशी संमती दिली आणि कायदा रद्द झाला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, केलेल्या कायद्यात तीन वर्षे राज्यातील शाळेत शिकून उत्तीर्ण झालेल्यांना वाढीव फीतून सूट दिली. मात्र मुदतीच्या व्हिसावर कायदेशीरपणे राहणाऱ्यांना वगळले. याची झळ तेथील भारतीय कुटुंबांना, आणि अर्थात मराठी कुटुंबांनाही, लागते. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर लहानपणी गेलेले मूल तेथेच वाढते, वडिलांच्या पगारातून राज्याचा कर कापला जातो, आणि हिरव्या पत्राची रांग भारतीयांसाठी अनेक वर्षांची असल्याने ते मिळण्यापूर्वीच मूल एकवीस वर्षांचे होते. त्या दिवशी ते आईवडिलांच्या व्हिसावरून उतरते. शिकत राहायचे तर परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि अनेक विद्यापीठांत त्याच्या शेवटच्या वर्षाची फी, पहिलीपासून ज्या राज्यात तो शिकला त्याच राज्यात, परक्याच्या दराने आकारली जाते.