बोलकी खेळणी, अबोल घरे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. आता हे युग थेट पाळण्यापर्यंत येऊन पोचले आहे. चिखली, मेहकर, खामगाव, कोणत्याही बाजारात जा. प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या दुकानात दर्शनी भागी एक लहानसा खोटा लॅपटॉप टांगलेला दिसतो. एक बटण दाबले की तो ‘ए फॉर ॲपल’ म्हणतो, दुसरे दाबले की इंग्रजी गाणे लावतो, शिवाय लाल-निळे दिवे लागतात ते वेगळेच. खोक्यावर ‘शैक्षणिक खेळणे’ असे इंग्रजीत छापलेले असते. नुकत्याच दुडुदुडु चालू लागलेल्या, दीड-दोन वर्षांच्या बाळाचे म्हणे त्याने शिक्षण होते!

खरोखर होते काय? माझे मत असे की, या वयात त्याचा उपयोग नगण्य आहे, आणि आमच्यासारख्या घरात तर त्याने नुकसानच अधिक होते.

‘आमच्यासारख्या घरात’ असे मुद्दाम म्हटले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या वस्तीतल्या ज्या आया दोन दिवसांची मजुरी मोडून हे खेळणे घेतात, त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. आपण अडाणी राहिलो, पोर तरी मागे पडू नये, एवढाच त्यांचा हिशेब असतो. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसणे म्हणजे काय असते, हे मला कोणी सांगायला नको. तो धाक खरा आहे. दुकानदार विकतो तो या धाकावरच.

पण खेळणे घरात आले की काय होते ते पाहा. आमच्या शेजारी एक आजी नातवाला मांडीवर घेऊन दिवसभर बडबडत असे. ‘थे पाय चिमनी! कुठी गेली चिमनी?’ मूल मान वळवून शोधी, हुंकार देई, आजी पुन्हा विचारी. लॅपटॉप आला आणि सून म्हणाली, “आत्याबाई, तुमची बोली नका शिकवू त्याला, मशीन ऐकू द्या.” आजी गप्प बसली. मूल बटण दाबीत बसले. घरातला सर्वांत चांगला शिक्षक त्या दिवशी कामावरून कमी झाला, असे मी समजते.

ही केवळ माझी भावना नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात दहा ते सोळा महिन्यांच्या २६ मुलांच्या घरी एक पाहणी झाली व ती २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. पालकांना तीन प्रकारचे साहित्य दिले: विजेरीवर बोलणारी खेळणी, साधी लाकडी-रबरी खेळणी, आणि जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तके. पुस्तक हाती असता मोठी माणसे मिनिटाला सुमारे ६७ शब्द बोलली, साध्या खेळण्यांबरोबर ५६, आणि बोलक्या खेळण्यांबरोबर अवघे ४०. खेळणे बोलू लागले की माणूस बोलायचा थांबतो. २६ ही संख्या लहान आहे, मान्य. परंतु आमच्या शेजारच्या ओट्यावर मी पाहिले ते याहून निराळे नव्हते.

याचे कारणही अवघड नाही. मूल कोंबडीकडे बघते, तेव्हा आजी ‘कोंबडी’ म्हणते. यंत्राला मूल कुठे बघते हे कळत नाही. ते घोड्याची पाळी आली की घोडा म्हणते. मुलाने प्रश्नार्थक हुंकार दिला तरी उत्तर नाही. अशा बोलण्याला संवाद कसे म्हणावे?

येथे ताराबाई मोडक यांची आठवण होते. माँटेसरी पद्धतीचे साहित्य महाग, ते गोरगरिबांच्या मुलांना परवडणारे नाही, हे ओळखून त्यांनी व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. आणि खेळायला काय, तर बिया, शंख-शिंपले, पाने, खडे, म्हणजे भोवताली जे असेल ते. गरिबाच्या घरातही शिक्षणाचे साहित्य असते, हे त्यांनी करून दाखवले. आज बाजार आम्हाला नेमके उलटे सांगतो आहे: तुमच्या घरात काही नाही, विकत घ्या.

जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. चिंचोका नाकात घातलेली मुले आमच्या गावाने पाहिली आहेत. पांगुळगाडा, चिंध्यांची बाहुली, ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी, हे चांगलेच. पण दीड वर्षाच्या मुलाजवळ माणूस बसलेला हवा. विजेरीच्या काही खेळण्यांत तर चपटी गोल बटणासारखी बॅटरी असते. ती गिळली गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे आहे. आठवडी बाजारातली तीन-चार खेळणी मी उलटीपालटी करून पाहिली, एकावरही ते दिसले नाही.

कोणी म्हणेल, कापूस वेचणीच्या दिवसांत आई वावरात, म्हातारी एकटी. मूल रडते, तेव्हा त्या यंत्राने घटकाभर शांतता मिळाली तर बिघडले कोठे? काही बिघडले नाही. मोबाईलपेक्षा ते बरेच म्हणा. दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. पण मग त्याला खुळखुळा म्हणा आणि खुळखुळ्याइतकेच पैसे द्या. शिक्षणाच्या नावाने आणि शिक्षणाच्या भावाने ते घेऊ नका.

अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षण मिळते ते तीन वर्षे पूर्ण झाल्यावर. त्याआधीचे मूल घराच्याच हवाली असते. तेव्हा आपल्या महाविद्यालयातील गृहअर्थशास्त्राच्या मैत्रिणींना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांना माझी एक सूचना आहे. यंदाच्या शिबिरात गटार-सफाईतून एक दुपार मोकळी ठेवावी. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांवर कोंबडी, बैल, विहीर, भाकरी अशी चित्रे शिवून कापडी पुस्तके करता येतील. धुता येतील, चावली तरी चालतील. अक्षर एकही नको, म्हणजे न शिकलेल्या आजीलाही ती ‘वाचता’ येतील, आपल्या वऱ्हाडीत. शिवणयंत्र माझ्या काकूकडे आहे, सुट्टीच्या दिवशी ते मागता येईल.