हात हवेत, गर्भ नको

परदेशी जाणाऱ्यांचे प्रश्न हे आपले प्रश्न नव्हेत, असे आपल्या कार्यकर्त्यांत सर्रास बोलले जाते. पुण्यात महात्मा फुले मंडईच्या परिसरात राजकीय वादाला कधी खळ पडत नाही. लोकांनी थट्टेने ‘मंडई विद्यापीठ’ म्हणावे अशी त्या जागेची ख्याती. तेथेही हाच सूर निघतो. ज्याने देश सोडावयाचे ठरविले त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची चिंता अमेरिकेच्या वकिलातीने वाहावी. आपणांस हमालांचे, भाजीवाल्या बायांचे, ऊसतोड मजुरांचे प्रश्न पुरेसे आहेत, असा हा युक्तिवाद. तो ऐकावयास बाणेदार वाटतो. पण तो समाजवादी नाही. राबणाऱ्या माणसाचे श्रम घ्यावयाचे आणि त्याचे मूल मात्र नाकारावयाचे, हा जगातील सर्व मालकांचा जुना डाव आहे. व्हिसाची खिडकी हे त्या डावाचे एक ठिकाण, उसाचा फड हे दुसरे. एका ठिकाणी डोळे मिटून दुसऱ्या ठिकाणी लढता येत नाही.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. नवरा अमेरिकेत, बायको महाराष्ट्रात, आणि ती गरोदर. कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी तिची मुलाखत व्हावयाची आहे. भारतातील अशा बहुतेक मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत होतात. बाई चंद्रपूरची असो वा कोल्हापूरची, सातवा महिना असो वा आठवा, तिला मुंबई गाठावीच लागते. त्याआधी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडूनच तपासणी करून घ्यावी लागते. क्षयरोगासाठी छातीचे क्ष-किरण चित्र हवे. पोटावर शिशाचे कवच बांधून ते काढता येते, आणि गर्भाला त्याचा धोका अत्यल्प असतो असे वैद्यकशास्त्र सांगते. तरीही बाईची तयारी नसेल तर ते बाळंतपणानंतर काढण्याची मुभा आहे. गोवर, कांजिण्या यांवरील जिवंत विषाणूंच्या लसी गरोदरपणी देत नाहीत, आणि त्या न घेतल्यामुळे व्हिसा अडत नाही. किंबहुना, गरोदर असणे हे कायम वास्तव्याचा व्हिसा नाकारण्याचे कारणच कायद्यात नाही. कागदावर सारे माणुसकीला धरून आहे.

आता याच कागदाची दुसरी बाजू पाहा. व्हिसा हाती पडल्यानंतर मूल जन्मले आणि आई त्या व्हिसाच्या मुदतीत अमेरिकेत पोचली, तर त्या मुलाला वेगळा व्हिसा लागत नाही. जन्मदाखला व पारपत्र घेऊन ते आईच्या कडेवरून आत जाते. ही मुदत बहुधा सहा महिन्यांची असते. हेच मूल व्हिसा मिळण्यापूर्वी जन्मले, तर त्याच्या नावाने वेगळी कागदपत्रे, वेगळी फी, वेगळी तपासणी. बाप अमेरिकेचा नागरिक असेल आणि तेथील त्याचे वास्तव्य पुरेशा वर्षांचे असेल, तर मूल जन्मतःच नागरिक ठरते. ते वास्तव्य अपुरे पडले, तर तान्ह्या लेकरासाठी बापाने नवा अर्ज करावयाचा, कारण नागरिकाच्या पत्नीला मिळणाऱ्या व्हिसात मुलाचा आपोआप समावेश होत नाही.

या दोन नियमांची सांगड घातली म्हणजे काय घडते? पोटातील जिवाच्या काळजीने ज्या बाईने क्ष-किरण चित्र लांबणीवर टाकले, तिचा व्हिसा बाळंतपणापलीकडे जातो. आणि व्हिसा पलीकडे गेला म्हणून मूल शिक्क्याआधी जन्मास येते. आईने आईसारखे वागावे आणि त्याची शिक्षा मुलाने भोगावी, असा हा न्याय आहे. सोमवारी जन्मलेले मूल आणि शुक्रवारी जन्मलेले मूल यांत निसर्ग भेद करीत नाही. तो भेद शिक्का करतो. ज्या देशाने बापाचे श्रम वर्षानुवर्षे घेतले, त्याचा कर घेतला, त्या देशाला त्याचे तान्हे मूल ही नवी फाईल वाटते.

भेटीच्या व्हिसाबाबत तर अविश्वास उघडपणे नियमातच लिहिला गेला. २४ जानेवारी २०२० पासून अमेरिकेने असा दंडक घातला की, अर्जदार बाई तेथील मुक्कामात बाळंत होईल असे मानण्यास अधिकाऱ्याला कारण दिसले, तर ती मुलाला नागरिकत्व मिळविण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरावयाचे. गृहीतक सरकारचे, ते खोडून काढण्याचा भार बाईवर. फौजदारी न्यायालयात चोरालाही निर्दोषत्वाचे गृहीतक लाभते. गरोदर बाईला ते लाभत नाही.

पाच वर्षांनी पुढचे पाऊल पडले. २० जानेवारी २०२५ रोजी, पदाची शपथ घेतली त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला की, आई तात्पुरत्या व्हिसावर वा विनापरवाना अमेरिकेत असेल आणि बाप नागरिक वा कायम रहिवासी नसेल, तर तेथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये. गुलामगिरीच्या अंतानंतर, १८६८ साली, अमेरिकेच्या राज्यघटनेत जी चौदावी दुरुस्ती झाली, तिने त्या भूमीवर जन्मलेल्यांस नागरिकत्व दिले होते. काल गुलाम असलेल्यांच्या मुलांना आज कोणी परके म्हणू नये, हा तिचा हेतू. त्या दुरुस्तीच्या मुळावर हा आदेश उठला. तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परंतु त्या जानेवारीत काय घडले, हे विसरता कामा नये. आदेश लागू होण्यापूर्वी शस्त्रक्रियेने बाळंतपण उरकता येईल काय, अशी विचारणा तेथील भारतीय जोडपी डॉक्टरांकडे करीत असल्याच्या बातम्या आल्या. पोटातील लेकराने दिवस भरण्यापूर्वी जगात यावे, कारण सरकारी तारीख जवळ आली! भांडवलशाहीने कामगाराच्या घड्याळावर ताबा मिळविला होता. आता गर्भाचे दिवसही ती मोजू लागली.

हे अमेरिकेचेच पाप, असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी १९७९ मध्ये पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. ती खरोखरच अविवाहित आहे काय, हे ‘तपासण्यासाठी’ तेथे तिच्या शरीराची विटंबना करण्यात आली. ‘गार्डियन’ने ही बातमी छापताच गदारोळ झाला आणि ब्रिटिश सरकारला ती प्रथा बंद करावी लागली. अशा तपासण्या भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांतही झाल्या होत्या. किमान ऐंशी स्त्रियांना त्यांतून जावे लागले, असे सरकारी कागदपत्रांवरून २०११ साली उघड झाले. बाईचा शब्द खोटा आणि तिचे शरीर हाच पुरावा, हे साम्राज्यशाहीचे सूत्र साम्राज्य गेल्यावरही टिकले.

त्याहून मागे जाऊ. १८८३ साली आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नव्हता. पुण्यात जन्मलेल्या या मुलीने चौदाव्या वर्षी आपले दहा दिवसांचे मूल गमावले होते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तिने प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला आणि १८८६ साली पदवी मिळविली. तिचे स्वागत झाले, ते योग्यच झाले. पण त्याच अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी केली होती, आणि १८७५ च्या कायद्यानुसार तिचा हाँगकाँगमधील वकील चिनी बायकांना त्यांच्या चारित्र्याची उलटतपासणी घेतल्यावाचून बोटीवर चढू देत नव्हता. व्हिसा-मुलाखतीचा उगम असल्या उलटतपासणीत आहे. दार कोणासाठी उघडेल, हे कधीही नुसत्या कायद्यावर ठरलेले नाही. वर्ग आणि वंश पाहूनच ते ठरत आले.

येथे आमचे साथी हटकून म्हणतील: ठीक, पण हे सारे सुखवस्तूंचे दुःख. त्यांना दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, बाहेर जाणारा प्रत्येक जण संगणक कंपनीतला अधिकारी नसतो. सिंगापुरात घरकाम करणाऱ्या परदेशी बाईची सहामाही वैद्यकीय तपासणी होते, आणि ती गरोदर निघाली तर तिचा परवाना जातो व तिला परत धाडले जाते. दुसऱ्याचे मूल सांभाळण्यासाठीच जिला आणले, तिला स्वतःचे मूल होऊ द्यावयाचे नाही!

दुसरे उत्तर आपल्या दारातच आहे. बीडचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन निघतो तेव्हा त्याला ना पारपत्र लागते, ना व्हिसा. पण मुकादमाने उचल दिलेली असते ती जोडप्याला. एका कोयत्यात नवरा-बायको दोघे. खाडा पडला की दंड. पाळी, गरोदरपण, बाळंतपण, सारे या हिशेबात खाडेच. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. वकिलातीची खिडकी गर्भाकडे संशयाने पाहते. फडाने तो प्रश्नच कापून टाकला. भाषा वेगळी, तत्त्व एकच: हात हवेत, गर्भ नको. हे ज्यास दिसत नाही त्याने फडातली बाईही पुरती पाहिलेली नाही.

आणि अमेरिकेला दोष देताना आपले हात तरी स्वच्छ आहेत काय? आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व दिले होते. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी आईबापांपैकी एक तरी भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून, दोघांपैकी एक बेकायदा स्थलांतरित असेल तर तेवढ्यावरूनही मुलाचा हक्क गेला. ट्रम्प यांनी जे आदेशाने करू पाहिले, त्याच्या दिशेने आपण संसदेत मतदान करून फार पूर्वीच गेलो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपये देण्याचे वचन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते पहिल्या मुलापुरते आणि पाच हजारांवर आणून ठेवले. पुढे २०२२ पासून दुसरे मूल धरले, तेही मुलगी झाली तरच! त्याच २०१७ साली संघटित क्षेत्रातील स्त्रीला बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, हे चांगलेच झाले. मंडईत टोपली घेऊन बसणारीला किती आठवडे मिळाले?

ज्यांच्या नावाने ही मंडई उभी आहे त्यांचे स्मरण येथे अप्रस्तुत नाही. १८८६ साली ती रे मार्केट म्हणून उघडली. १९३८ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी याच इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. त्याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने टाकलेल्या गरोदर विधवेने तेथे यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे; मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे, हे तिच्यावर सोपविलेले होते. अशाच एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. गरोदर बाई दाराशी आली असता आधी कागद पाहावा की आधी तिला आत घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर पुण्याने दीडशे वर्षांपूर्वीच दिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न झटकून टाकू नये. वस्तीत, आळीत असे कुटुंब असेल तर त्याला खरी माहिती द्यावी: गरोदरपण लपवू नका, नेमलेल्या डॉक्टरांना ते आरंभीच सांगा, क्ष-किरण व लसीबाबतचे आपले हक्क माहीत करून घ्या, आठव्या-नवव्या महिन्यात विमानकंपन्या प्रवासावर निर्बंध घालतात, हे ध्यानात ठेवून तारखा ठरवा, व्हिसानंतर मूल झाले तर त्याचा जन्मदाखला व पारपत्र मुदतीच्या आत मिळवा. ही माहिती फुकट मिळते. ती न मिळाल्यामुळे दलालांचे फावते.

आणि मागणी करावी. परदेशी भारतीयांच्या कर्तबगारीवर टाळ्या घेणाऱ्या सरकारने, अर्ज चालू असताना जन्मलेले मूल आईच्याच अर्जात धरले जावे, हा विषय अमेरिकेशी होणाऱ्या वाटाघाटींत अधिकृतपणे मांडावा. त्याच सरकारने अन्नसुरक्षा कायद्यातील वचन कोणतीही अट न घालता पाळावे. ऊसतोड बाईचा बाळंतपणातला खाडा साखर कारखान्याने भरून द्यावा. जन्मावरून मिळणारा नागरिकत्वाचा हक्क पुन्हा कायद्यात यावा.

या मागण्या एकत्र केल्या पाहिजेत, सुट्या नव्हेत. बांद्र्याच्या रांगेतली आणि फडातल्या कोपीतली बाई एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देणे हेच समाजवादी पक्षाचे काम आहे. ते आपण केले नाही, तर एकीला परदेशाचा अभिमान विकणारे आणि दुसरीला नशिबाचा दाखला देणारे तयारच आहेत.