तज्ज्ञ नेमला कोणी? फोन टॅपिंगच्या निमित्ताने

"फोनवर नको, भेटल्यावर बोलू." डोंबिवली लोकलमध्ये हे वाक्य आपण ऐकतो, आपली मुलंही ऐकतात. मग मूलभूत हक्कांच्या धड्याला प्रश्न येतोच, "सर, सरकारला आपला फोन ऐकता येतो?"

येतो. पण मनात आलं म्हणून नाही. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असावा लागतो. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही याच अटी आहेत. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाच प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण तिथे या अटीच पूर्ण होत नव्हत्या. "आपल्याला काय लपवायचंय?" म्हणणाऱ्या पालकांनी हा निकाल जरूर समजून घ्यावा. आरोपीलाही हा हक्क आहे.

कायदा ठीक, पण तो पाळला की नाही हे बघतं कोण? सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पीयूसीएल खटल्यात आढावा समिती सुचवली. राज्यात आदेश गृहसचिवांचा आणि समितीत मुख्य सचिव व आणखी दोन सचिव. न्यायाधीश नाही, बाहेरचं कोणीच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पेपर तपासला सरांनी आणि फेरतपासणीला शेजारच्या वर्गाचे सर!

2022 मध्ये राजकीय नेत्यांचे फोन टॅप केल्याच्या आरोपावरून आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. सरकार बदललं. पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या गुन्ह्यात खटल्याला सरकारची मंजुरी मिळाली नाही आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. चूक कोणाची हे मी ठरवणार नाही. पण दोन्ही वेळी चाव्या सरकारच्याच हातात होत्या, एवढं मुलांना दिसायला हवं.

आता पेगासस प्रकरण बघा. केंद्र सरकार म्हणालं, आम्हीच तज्ज्ञ समिती नेमतो. 27 ऑक्टोबर 2021 ला न्यायालयाने नकार दिला आणि स्वतः तीन तज्ज्ञ निवडले. त्यात पवईच्या आयआयटीचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते होते. देखरेख निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांची. निष्पक्ष माणसं शोधणं फार अवघड गेलं, काहींनी नम्रपणे नकार दिला, काहींचे हितसंबंध आड आले, असं आदेशातच लिहिलंय. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची ही कथा! आणि आपण टीव्हीवर नावाखाली 'सायबर तज्ज्ञ' अशी पट्टी दिसली की लगेच मान डोलावतो.

समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. दोन्ही बाजू नाराज. मला मात्र अशा उत्तराचाच जास्त भरवसा वाटतो.

एक गैरसमज मात्र टाळावा. आरोपीच्या वकिलाने आणलेला तज्ज्ञ खोटंच बोलतो असं नाही, सरकारचाही नाही. नेमणूक कोणाची हे कळलं की त्याचं म्हणणं किती बारकाईने तपासायचं ते ठरतं. तपासणी टळत नाही. त्याने प्रत्यक्ष काय पाहिलं, त्याला काय दाखवलं गेलं, हे विचारावंच लागतं. पेगाससच्या चौकशीत सरकारने सहकार्य केलं नाही, असं समितीचं म्हणणं न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलं. कागदच हाती आले नाहीत, तर स्वतंत्र तज्ज्ञ तरी काय तपासणार? आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा, तास पुरत नाही.