केवडा कुंपणाबाहेर का?

कोकणात समुद्राकाठी घर बांधणारा माणूस पुष्कळदा आधी केवड्याचे बन तोडतो, आणि मग त्याच वाळूत गुलाब-मोगरा जगवण्यासाठी झगडत बसतो. खाऱ्या वाऱ्याने त्यांची पाने करपतात. केवडा तो वारा सहज सोसतो. शिवाय त्याची आधारमुळे वाळू धरून ठेवतात. बनात साप असतात, हे आम्हीही ऐकत आलो आहोत. पण गंधाला भुलून साप येतो ही कविकल्पना. त्याला हवा असतो तो दाट आडोसा.

या हकालपट्टीत आम्हांला साहित्याच्या अध्यापनाचाही थोडा दोष दिसतो. ‘केतकी’ म्हटले की वर्गात नायिकेचा वर्ण आणि सुगंध एवढेच उरते; करवती पाने, वाळू, खारा वारा सारे गळून पडते. सुगंधी कणीस नर झाडालाच येते, मादीला अननसासारखे फळ धरते, हे कितीजण सांगतात? बी रुजवले तर नर की मादी हे फुलोऱ्यापर्यंत कळत नाही. म्हणून नर झाडाचा फुटवाच लावावा, तोही समुद्राच्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. गौरी-गणपतीला बाजारातून केवडा विकत आणणाऱ्या घरांनी तरी.