तिसरे अपत्य आणि सरपंचाची खुर्ची

महाराष्ट्राच्या पंचायत कायद्यात एक कलम असे आहे की, माणसाची लोकसेवेची पात्रता त्याच्या घरातील पाळण्यावरून ठरावी. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याच्या घरी तिसरे अपत्य जन्मले, तो ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही. आधीच सदस्य असेल तर त्याला खुर्ची सोडावी लागते. जिल्हा परिषदा, नगरपालिका व नगरपंचायती यांनाही अशाच स्वरूपाची अट आहे. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील महागावच्या नगरपंचायतीचा उमेदवार काय, किंवा त्या तालुक्यातील एखाद्या लहानशा गावचा पंच काय, दोघांनाही मते मागण्यापूर्वी आपल्या मुलाबाळांचा हिशेब द्यावा लागतो. ज्या विधिमंडळाने ही अट घातली, त्याच्या सदस्यांना मात्र ती लागू नाही. आमदाराला पाच मुले असली तरी राज्याचा कारभार बिघडत नाही. पंचाला तिसरे झाले की गावचा कारभार बिघडतो, असे हे अजब तर्कशास्त्र आहे. हे कलम आता रद्द व्हावे असे आमचे स्पष्ट मत आहे, व त्यासाठी लोकसंख्येच्या प्रश्नाचे गांभीर्य नाकारण्याची आम्हांस मुळीच गरज वाटत नाही.

ते गांभीर्य कोणी नाकारावे? १९५१ साली ३६ कोटी असलेला हा देश २०११ च्या शिरगणतीत १२१ कोटींवर गेला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २००१ साली २४ लाख ५८ हजार माणसे होती, ती दहा वर्षांत २७ लाख ७२ हजार झाली. परंतु डोकी वाढणे ही एक गोष्ट आणि दर स्त्रीमागे होणारी मुले ही दुसरी. काल जन्मलेल्यांची संख्या मोठी असल्यामुळे आजचे आईबाप पुष्कळ आहेत, व म्हणून एकूण आकडा काही काळ चढतच राहतो. जननाचा वेग पाहावयाचा तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावे लागतात. महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ मध्ये २.९ होती, २००५-०६ मध्ये २.१ झाली आणि २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आली. एका पिढीची जागा दुसरीने भरून काढण्यास २.१ लागतात. पंचायतीचे कलम अंमलात आले तेव्हा हा उतार सुरू झालेला होता. मूठभर उमेदवारांना लागू असलेल्या अटीने कोट्यवधी संसारांत हा फरक घडविला, असे मानण्यास भाबडेपणाच हवा.

मग तो घडविला कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्या देशांत धर्मपीठानेच संततिनियमनाला विरोध केला, त्यांचा इतिहास उपयोगी पडतो. कृत्रिम साधने निषिद्ध असल्याचा पोप सहावे पॉल यांचा आदेश १९६८ चा. आयर्लंडमध्ये तर १९३५ पासून या साधनांच्या विक्रीलाच कायद्याने बंदी होती; ती १९७९ मध्ये काहीशी सैल झाली. फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथे २००० साली महापौरांच्या आज्ञेने सरकारी दवाखान्यांतून ही साधने हद्दपार झाली. त्या देशात पालकत्व व प्रजननस्वास्थ्याचा कायदा चर्चशी दीर्घ झगडा देऊन २०१२ च्या डिसेंबरात झाला; लगेच न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि २०१४ मध्ये काही कलमे छाटून तो मान्य केला. तेथील सरासरी २०१७ साली २.७ होती, ती २०२२ साली १.९ झाली. आणि खुद्द पोपच्या दाराशी असलेल्या इटलीत ती आता १.२ च्याही खाली आहे! आपल्या शेजारच्या गोव्यात हिंदू अधिक व ख्रिस्ती सुमारे चतुर्थांश. तेथे २०१९-२१ मध्ये ती १.३ होती, देशातील अत्यंत कमी सरासरींपैकी एक. व्यासपीठावरून कोणी काय सांगितले यापेक्षा मुली किती शिकल्या, लग्न किती उशिरा झाले, जन्मलेले मूल जगेल अशी खात्री आईला वाटली की नाही, आणि साधन हाताशी होते की नाही, यांवरच घरातील पाळणे ठरत आले आहेत. धर्माज्ञेचे जे झाले तेच राजाज्ञेचे होते.

महाराष्ट्राने तरी हे विसरू नये. या राज्यात संततिनियमनाचा पहिला पुरस्कार सक्तीचा नव्हता, स्वातंत्र्याचा होता. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावरील खटल्यात डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला, तो सभागृहाने फेटाळला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारने ६५ लाख रुपये ठेवले खरे, पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना कृत्रिम साधने मान्य नसल्यामुळे प्रयोग झाला तो 'सुरक्षित दिवस' मोजण्याचा, म्हणजे रोमन चर्चलाही चालणाऱ्या पद्धतीचा. दिवस लक्षात राहावेत म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. त्या प्रयोगाचे फलित काय निघाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मण्यांच्या माळेपासून आपण चोवीस वर्षांत पोलिसांच्या दंडुक्यापर्यंत आलो. १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीची शस्त्रक्रिया करण्याचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायद्यात उतरले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांवर. पुढच्याच निवडणुकीत जनतेने त्याचा जाब विचारला. त्या दहशतीची खरी किंमत मात्र स्त्रियांनी मोजली. पुरुषाने या विषयातून अंग काढून घेतले ते कायमचेच. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण ०.३ टक्के! पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची असतानाची ही गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८० हून अधिक स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या व त्या प्रकरणात तेरा स्त्रिया प्राणास मुकल्या. ही शिबिरे बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावे लागले.

पंचायतीच्या कलमाचा भारही असाच तिच्यावर पडतो. आमच्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु महागाव तालुक्यातील एखादी स्त्री अठराव्या वर्षी लग्न होऊन आली, दोन मुलींनंतर सासरच्या मंडळींनी मुलगा हवा म्हणून हट्ट धरला, आणि तेविसाव्या वर्षी तिसरे मूल झाले, असे समजा. निर्णय तिचा नव्हता; अपात्रता मात्र तिची, आणि तीही जन्मभराची. मुलगा हवाच आणि तिसरे तर नको, अशा पेचात घर सापडले की सोनोग्राफीच्या चोरवाटा शोधल्या जातात. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशात पहिला कायदा करण्याचा मान १९८८ साली महाराष्ट्राने मिळविला, आणि त्याच महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. हा सारा दोष या कलमाचा, असे आम्ही म्हणत नाही. पण एका हाताने पेच घट्ट करावयाचा व दुसऱ्याने त्याविरुद्ध कायदा करावयाचा, हे धोरण नव्हे.

नेत्याने उदाहरण घालून द्यावे, हा या अटीच्या कैवाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. हरियाणाच्या अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरविले होते. पण वैध म्हणजे शहाणपणाचा नव्हे, हे खुद्द हरियाणानेच ओळखले व काही वर्षांत तो रद्द केला. आंध्र प्रदेशाने २०२४ च्या नोव्हेंबरात तेच केले. मात्र तेथील मुख्यमंत्र्यांनी त्याच सुमारास लोकांना अधिक मुले होऊ द्या असा जो उपदेश केला, तो आम्हांस तितकाच अस्थानी वाटतो. काल 'दोनच पुरेत' म्हणून हुकूम, आज 'आणखी हवीत' म्हणून आर्जव! चीनने १९८० च्या सुमारास एकाच मुलाची सक्ती केली, २०१६ मध्ये दोन मुलांना व २०२१ मध्ये तिघांना परवानगी दिली. तरी २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटतेच आहे.

राज्य सरकारने पंचायत, जिल्हा परिषद व नगरपालिका या तिन्ही कायद्यांतील ही अट काढावी, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीसाठी जोडलेली लहान कुटुंबाची अटही त्याबरोबरच तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांना शस्त्रक्रियेच्या आकड्यांवरून जोखणे थांबवून, दोन मुलांत अंतर ठेवण्याची साधने तेथे बाराही महिने मिळतात की नाही, हे पाहावे. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले 'अंतरा' इंजेक्शन व 'छाया' गोळ्या तालुक्याच्या गावी पोहोचतात, पण त्यापुढच्या वस्तीपर्यंत किती जातात, हा प्रश्न आमदारांनी विधानसभेत विचारावा. हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते, आणि नागपूर-तुळजापूर रस्ता महागावातूनच जातो.