मुंबई ते लंडन: अंतर आणि तास

मुंबई आणि लंडन यांच्यातले हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजलेले आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. गोलावर दोरा ताणून धरला तर तो बराच उत्तरेकडे वळतो: कराची, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन आणि पुढे जर्मनी. वाकडा दिसणारा हा दुसरा मार्गच सर्वांत जवळचा.

मात्र हा दोरा ज्या आकाशातून जातो, तेच आज सर्वांत अशांत आहे. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून उडायला मनाई केली. त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्या भारतीय विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जावे लागते आणि मग उत्तरेचा रोख धरावा लागतो. प्रत्यक्ष उड्डाण शेकडो किलोमीटरनी वाढते, इंधनही जास्त जळते. जमिनीवरच्या भांडणांची किंमत आकाशात प्रवासी मोजतात, आणि ती तिकिटात कुठे वेगळी दाखवलेली नसते.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटरना आठ तास पुरायला हवेत. वेळापत्रकात मात्र मुंबई-लंडनसाठी साधारण साडेनऊ ते साडेदहा तास असतात. त्यात वळसा येतो, धावपट्टीपर्यंतचे सरकणे येते आणि लंडनच्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्याआधीच्या घिरट्याही येतात. परतीला साधारण नऊ तास पुरतात, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो इराण आणि उत्तर भारतावर जोरात असतो. त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना हा वारा समोरून येतो, येताना पाठीशी असतो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि जाण्यायेण्याच्या वेळांतला फरक कमी होतो.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा या प्रवासाला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागला होता. बोटीने आठवडे घालवणाऱ्या पिढीला ती वेळ अद्भुत वाटली असणार. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि तिचे जेटयुग सुरू झाले.

तिकिटावरच्या वेळा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. जानेवारीत मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान दहा तास उडून लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोहोचते. लंडनहून रात्री नऊला निघालेले विमान नऊ तासांत येते, तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा वाजलेले असतात.